पडद्यावरचा डावा हात

फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते आणि लेक डिशवॉशर रिकामा करत होती. तिचं कॉलेज नुकतंच संपलं होतं. बायोलॉजीची डिग्री घेऊन ती शिकागोजवळ शॉमबर्गला आमच्याकडे परत आली होती आणि लॅबमधली नोकरी सप्टेंबरमध्ये सुरू व्हायची होती. मधला अख्खा उन्हाळा मोकळा. तिने ओले हात पँटला पुसले आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडचा घोगरा आवाज मीसुद्धा ओळखला. ती लहान असताना उन्हाळी शिबिरात पार्कमध्ये बेसबॉल शिकवायचे, ते तिचे जुने कोच होते.

त्यांनी कशी आहेस, काय करतेस असलं काही विचारलंच नाही. म्हणाले, "तुझा डावा हात अजून चालतो का?"

"चालतो की. का?"

"एका सिनेमासाठी हवाय."

तव्यावरची पोळी करपली. मी गॅस बंद केला आणि लाटणं हातात तसंच धरून ऐकत उभी राहिले.

सिनेमा एका फार नावाजलेल्या बेसबॉलपटूच्या आयुष्यावर होता. इकडे शिकागोच्या आसपास वाढलेल्या कुठल्याही माणसाला त्यांचं नाव माहीत असतं. मेक्सिकोहून आलेल्या रेल्वे कामगाराचा मुलगा, अंगाने काडी, डावखुरा. याच्याच्याने काय होणार, असं सगळ्यांनी म्हणायचं आणि याने बॉल असा टाकायचा की तो हळूहळू फलंदाजाच्या डोळ्यांसमोर यायचा आणि ऐन वेळी गुडघ्यापाशी खाली पडायचा. बॅट हवेत फिरून मोकळी. त्या बॉलला इथे कर्व्हबॉल म्हणतात. टाकतात बरेच जण, पण त्यांच्यासारखा पाडणारा झाला नाही, असं जुने लोक सांगतात. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे, पण सिनेमा त्यांच्या एकोणिसाव्या वर्षाचा होता.

अडचण अशी होती की त्यांचं काम करणारा नट उजखुरा होता. त्याने बिचाऱ्याने महिनोनमहिने सराव केला. पळायला, उभं राहायला, टोपी सारखी करायला सगळं शिकला. पण डाव्या हाताने बॉल टाकला की कचऱ्याची पिशवी भिरकावल्यासारखा दिसायचा. मग त्याच्याऐवजी फक्त टाकण्यापुरता दुसरा माणूस शोधायचं ठरलं. डावखुरे पुरुष खेळाडू पुष्कळ आले, पण सगळ्यांचे खांदे दाराएवढे रुंद. कोच या सिनेमाचे सल्लागार होते. त्यांना एकदम आमची लेक आठवली.

"उंची तीच, काटकुळी तशीच, हात लांब," ते म्हणाले. "आणि रंगही जुळतो."

लेक हसली. "कोच, मी मुलगी आहे."

"कॅमेरा पाठीमागे असणार आहे," ते म्हणाले. "पाठीला काय कळतंय?"

इथे थोडं मागचं सांगायला हवं. ती सात वर्षांची असल्यापासून मुलांबरोबर बेसबॉल खेळायची. तिचे बाबा पुण्याचे, क्रिकेटवर वाढलेले. पहिल्यांदा तिला बॉल टाकताना बघून ते घाबरून मला म्हणाले, "अगं, हिचा कोपर वाकतोय! हा नो-बॉल आहे!" त्यांना समजावता समजावता मीच हा खेळ शिकले. मी नागपूरची, घरात कुणी कसला खेळ खेळलेलं नाही. पण शनिवारी सकाळी घडीची खुर्ची गाडीत टाकून मैदानावर जायचं, डब्यात पोहे न्यायचे, आणि लेकीने एखाद्या दांडग्या मुलाला आउट केलं की सगळं पार्क ऐकेल असं ओरडायचं, हे मला मनापासून आवडायचं.

हायस्कूलमध्ये मात्र ते संपलं. तिथल्या कोचने तिचं टाकणं नीट बघितलंसुद्धा नाही. मुलींसाठी सॉफ्टबॉल आहे, म्हणाला. सॉफ्टबॉलचा बॉल मोठा आणि टाकायचा खालून. तिने एक सीझन तेही करून पाहिलं, मग युनिफॉर्म धुऊन, घडी करून परत देऊन आली. रडली नाही. मला म्हणाली, "आई, इट्स लाइक टेलिंग समवन टू प्ले सितार बिकॉज दे लाइक तबला." कॉलेजात मुलांच्या एका हौशी टीममध्ये तिला जागा मिळाली. त्यांच्या मॅचेस बघायला बहुतेक वेळा आम्ही दोघंच असायचो.

तर कोचच्या फोननंतर त्याच आठवड्यात ती चाचणीला गेली. मी गाडी चालवत सोबत गेले. दिग्दर्शक पन्नाशीची बाई होती, उन्हाने रापलेली, गळ्यात शिट्टी. लेकीने टाकायला सुरुवात केली तर ही बाई बॉलकडे बघेचना. नुसती तिच्या खांद्याकडे बघत होती. थोड्या वेळाने जवळ येऊन म्हणाली, "तुझे केस कापावे लागतील. मला तुझी मान दिसायला हवी."

लेकीचे केस कमरेपर्यंत होते. तिने माझ्याकडे बघितलं, मग म्हणाली, "वाढतील परत."

केस कापून घरी आली तेव्हा तिचे बाबा दार उघडून क्षणभर बघतच राहिले. मग म्हणाले, "छान दिसतेस. अगदी माझ्यासारखी."

"बाबा, तुम्हाला केसच नाहीत!"

"म्हणून तर तू जास्त छान दिसतेस."

शूटिंग आमच्या घरापासून तीनेक तासांवर, मक्याच्या शेतांमधल्या एका छोट्या गावात होतं. तिथे लाकडी बाकांचं जुनं मैदान अजून टिकून होतं. मी आणि तिच्या बाबांनी ऑफिसात सुट्टी टाकली. आम्ही नुसते बघायला गेलो होतो, पण दुसऱ्याच दिवशी गर्दी गोळा करणारी एक मुलगी आमच्याकडे आली. रेल्वे कामगारांची कुटुंबं बसायची त्या बाजूला त्यांना सावळे चेहरे कमी पडत होते. मला फुलाफुलांचा फ्रॉक दिला आणि डोक्याला स्कार्फ बांधला. शाळा सुटल्यापासून मी फ्रॉक घातला नव्हता. तिच्या बाबांना ढगळ पँट, पट्टे आणि हॅट मिळाली. आरशासमोर दहा मिनिटं उभे होते.

"मी चांगला मेक्सिकन दिसतो की नाही?" ते म्हणाले.

"तुम्ही सदाशिव पेठेतून हरवून आलेले दिसता," मी म्हटलं.

माझ्या मनाला मात्र एक गोष्ट खात होती. मी त्या खेळाडूबद्दल मिळेल ते वाचून काढलं होतं. सिनेमाच्या शेवटी त्यांच्या गावातली शेवटची मॅच होती. शेवटचा फलंदाज उभा आहे, तो परगावचा सगळ्यात तगडा गडी, आणि हे त्याला आपल्या कर्व्हबॉलने आउट करतात, गाव जिंकतं, दुसऱ्या दिवशी हे मोठ्या टीममध्ये जायला निघतात. पण खरं काय घडलं होतं? खऱ्या मॅचमध्ये त्या गड्याने तो बॉल कुंपणापलीकडे मारला होता. गाव हरलं होतं. हे मोठ्या टीममध्ये गेले ते हरूनच गेले.

सकाळी मोटेलमधून मैदानाकडे जाताना मी लेकीला म्हटलं, "मग हे खोटं नाही का?"

"आई, इट्स अ मूवी."

"अगं पण माणूस जिवंत आहे! त्यांना काय वाटेल?"

"विचार मग त्यांनाच," ती म्हणाली. "आज येणार आहेत ते."

ते खरंच आले. हातात काठी, डोक्यावर साधी गवती टोपी, सोबत त्यांची मुलगी. सगळं युनिट उभं राहिलं. त्यांनी एका हाताने सगळ्यांना बसा बसा केलं आणि सावली बघून नेमके आमच्या बाकाच्या टोकाला येऊन बसले. तिच्या बाबांनी हॅट काढली. कुठल्या नात्याने काढली कोण जाणे, पण काढली. मी त्यांना सांगितलं की तुमच्या वतीने बॉल टाकणार ती आमची मुलगी आहे. त्यांनी मान वळवून माझ्या स्कार्फकडे, फ्रॉककडे बघितलं.

"तुम्ही माझ्या मावशीसारख्या दिसता," म्हणाले. "ती पण मॅचला असाच डबा घेऊन यायची. काय आहे त्यात?"

डब्यात थालीपीठ होतं. त्यांनी एक खाल्लं, अजून अर्धं मागून घेतलं. त्यांचं खाणं झाल्यावर मी धीर करून विचारलं, "सिनेमात तुम्हाला ती मॅच जिंकताना दाखवणार आहेत. तुम्हाला चालतं?"

ते हसायला लागले. इतके हसले की त्यांच्या मुलीने पाण्याची बाटली पुढे केली.

"तो बॉल पलीकडच्या मक्यात गेला," ते म्हणाले. "अजून सापडलेला नाही म्हणतात." मग पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "तेव्हापासून रोज झोपण्याआधी मी तो बॉल मनात परत टाकतो. म्हातारा झालो टाकून टाकून. आता कुणी तो नीट टाकत असेल, तर मी का अडवू?"

मी डबा बंद करून पिशवीत ठेवला.

शेवटचं दृश्य दिग्दर्शक बाईंना सलग हवं होतं. कॅमेरा लेकीच्या खांद्यामागे, मधे कुठे तोडायचं नाही, बॉल तिच्या हातून सुटून फलंदाजासमोर पडून मागच्या कॅचरच्या ग्लव्हमध्ये जाताना एकाच नजरेत दिसायला हवा. निर्मात्याचं म्हणणं होतं की बॉल नंतर कॉम्प्युटरवर घालू, कोणाला कळणार आहे? बाईंनी ऐकलं नाही. पण मुदत एवढीच ठरली की आज संध्याकाळचं पिवळं ऊन असेपर्यंत. ऊन गेलं की कॉम्प्युटर. समोरचा फलंदाज पूर्वी खरोखर खेळलेला माणूस होता आणि त्याला सांगितलं होतं की खोटी बॅट फिरवायची नाही, मारता आला तर मार.

पहिला बॉल जमिनीवर आपटला. दुसरा फार वरून गेला. मग एक चांगला पडला, पण फलंदाजाने बॅटच फिरवली नाही. पुढचा त्याने असा मारला की तो थेट आमच्या डोक्यावरून मागे गेला आणि आम्ही सगळे साठ-सत्तर लोक फ्रॉक-हॅट सांभाळत खाली वाकलो. प्रत्येक वेळी सगळं परत लावायचं, प्रेक्षकांनी परत श्वास रोखून बसायचं. लेकीच्या पाठीला घामाने शर्ट चिकटला होता. खांदा उचलून कानाला घासायची तिची सवय मला दुरून दिसत होती. लहानपणापासून ती वैतागली की असंच करते.

उन्हाचा रंग तांबूस व्हायला लागला. निर्माता घड्याळ दाखवत बाईंशी बोलायला लागला. बाईंनी एक बोट वर केलं. आणखी एकदा.

तेव्हा ज्यांच्यावर सिनेमा होता ते माझ्या शेजारचे आजोबा उठले. त्यांच्या मुलीने हात धरायला पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला आणि काठी टेकत टेकत थेट मैदानाच्या मध्यावर, ज्या मातीच्या उंचवट्यावरून पिचर बॉल टाकतो, तिथे चालत गेले. कोणी त्यांना अडवलं नाही. ते आणि लेक काहीतरी बोलले. मला वाटलं आता तिचा हात धरून बोटं कशी ठेवायची ते दाखवतील. पण त्यांनी बॉलला हातही लावला नाही. लेक खळखळून हसली आणि ते परत फिरले.

काय बोलले ते तिने नंतर गाडीत सांगितलं. तिने विचारलं होतं, "अशा वेळी तुम्ही कशाचा विचार करायचात?" ते म्हणाले होते, "आईने रात्री जेवायला काय केलं असेल त्याचा."

ते आमच्या बाकापर्यंत पोचले आणि बाईंनी शिट्टी वाजवली.

लेक स्थिर उभी राहिली. बॉल ग्लव्हमध्ये लपवला. उजवा गुडघा छातीपर्यंत वर आला, डावा हात मागून मोठा वळसा घेऊन पुढे आला, आणि बॉल सुटला. मी त्या मुलीचे शेकडो बॉल पाहिलेत. हा सुटतानाच वेगळा वाटला, सावकाश, जरा वर गेल्यासारखा, जणू फलंदाजाला म्हणतोय की घे, मार. त्यानेही डोळे मोठे करून पूर्ण ताकदीने बॅट फिरवली. आणि बॉल खाली गेला. टेबलाच्या कडेवरून काहीतरी घरंगळावं तसा गेला. बॅट वरून सपकन फिरली, फलंदाज स्वतःभोवती गिरकी घेऊन एका गुडघ्यावर बसला, आणि मागे ग्लव्हमध्ये थप् असा आवाज आला.

आम्हाला सांगितलं होतं की तीन मोजून ओरडायचं. कोण मोजतंय! अख्खं लाकडी स्टँड उठलं. तिच्या बाबांनी भाड्याची हॅट हवेत फेकली, ती परत मिळालीच नाही. मी काय ओरडले ते मला आठवत नाही. तिचे बाबा सांगतात की मी "घे नं बाप्पा! आता मार नं!" असं त्या फलंदाजाला उद्देशून ओरडत होते, आणि तेसुद्धा बाकावर चढून. खुद्द तो फलंदाज जमिनीवर बसूनच टाळ्या वाजवत होता.

आजोबा उठले नाहीत. ते दोन्ही हात काठीवर ठेवून ग्लव्हमधल्या त्या बॉलकडे बघत होते. मग हळूच माझ्याकडे वळून म्हणाले, "गेला. एकदाचा आउट झाला." त्यांचे डोळे भरले होते, आणि चेहरा एखाद्या एकोणीस वर्षांच्या मुलाचा असावा तसा लखलखत होता. लेक धावत आली ती आधी त्यांच्याकडे गेली, मग आमच्याकडे. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

सिनेमा पुढच्या वर्षी लागला. इथल्या मराठी मंडळातल्या ओळखीच्या काही कुटुंबांबरोबर आम्ही गेलो, पण लेकीने सक्त बजावलं होतं की आधी कोणाला सांगायचं नाही. ते दृश्य आलं. पडद्यावर तिची मान, तिचा खांदा, तो हात, भिंतीएवढा. बॉल पडला आणि थिएटरमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. आमच्या मागे बसलेले काका मोठ्याने म्हणाले, "काय मेहनत घेतली असेल यार त्या हिरोने!"

आता मात्र तिच्या बाबांना राहवलं नाही. अंधारात मागे वळून ते म्हणाले, "तो हिरो नाहीये. ती आमची पोरगी आहे."

"काय बोलता!"

"हात बघा ना. माझ्याच मुलीचा हात आहे तो."

ते वाक्य आमच्या ओळीतून टोकापर्यंत कुजबुजत गेलं आणि मागच्या ओळीतून परत आलं. सिनेमा संपल्यावर कोणी उठेना. पांढरी अक्षरं वर सरकत राहिली, आणि तिचं नाव आलं तेव्हा काकू लोकांनी जो गलका केला, तो बघून दाराशी पोचलेले अमेरिकन लोकही थांबले. कोणीतरी काय झालं म्हणून विचारलं. काकांनी लेकीकडे बोट दाखवलं. मग तेही टाळ्या वाजवायला लागले. लेक खुर्चीत खाली खाली सरकत "ओह माय गॉड, आई, मेक देम स्टॉप" म्हणत होती आणि हसत होती.

त्या वसंतात तिने बायकांच्या एका बेसबॉल टीमच्या निवडीसाठी नाव दिलं. खराखुरा बेसबॉल, वरून टाकायचा. लॅबमधली नोकरी चालूच आहे, सराव संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी. निवड करणाऱ्यांनी सिनेमा पाहिला होता का, मला माहीत नाही. तिने सांगितलं नव्हतं. तिने नुसतं टाकून दाखवलं आणि तिला घेतलं.

पहिल्या मॅचला केस मानेवर रुळण्याइतके वाढले होते. आमच्या आडनावाच्या शेवटी एक ळ आहे. माइकवर नावं पुकारणाऱ्या तरुणाने त्याचं जे काही केलं ते ऐकून तिचे बाबा कळवळले. पहिला डाव संपताच लेक सरळ त्याच्या खोलीच्या खिडकीपाशी गेली. लांबून दिसत होतं, ती तोंड उघडून जीभ वर वळवून दाखवतेय आणि तो मान डोलावत नक्कल करतोय. पुढच्या डावाला ती मैदानात उतरली तेव्हा भोंग्यात त्याने घसा खाकरला, आणि मग आमचं आडनाव शेवटच्या अक्षरासकट ठणठणीत ऐकू आलं. लेकीने टोपीला हात लावून खिडकीकडे बघितलं. समोरची फलंदाज तयार झाली. लेकीने गुडघा उचलला.

तिघींना ओळीने आउट करूनच ती परत आली.